आधीचा थेंब

"कसा लागता रे?"

आईनं हे विचारलं तेव्हा मी सात वर्षांचा होतो. मी म्हटलं, "ग्वाड." त्या दुपारपासून माझे बाबा तोच पेला पीत आहेत. एकेचाळीस वर्षं झाली. पेला संपलेला नाही.

आमचा मांगर सावंतवाडीच्या खाली, काजूच्या बागेच्या पायथ्याला होता. मांगर म्हणजे शेतातलं आडोशाचं घर. वर झावळ्या, तीन बाजूंनी मातीची भिंत, चौथ्या बाजूनं ऊन. चैत्रात बोंडू, म्हणजे काजूची फळं, पिकून खाली पडायला लागले की आईबाबा तिथंच राहायला जात. बाबा बोंडू तुडवत आणि तुडवताना सगळ्या गावाच्या नकला करत. आई तो रस आंबवून तांब्याच्या भाण्यात चढवायची, आणि नळीतून हुर्राक, काजूची पहिल्या धारेची दारू, थेंबथेंब मडक्यात उतरायची. पहिला पेला बाबांचा. पण त्याच्याही आधी, घरातल्या सगळ्यात लहान जिवाच्या जिभेवर एक थेंब ठेवायचा, अशी आमच्याकडे रीत. आई फणसाच्या पानाची चमची करायची. पोराच्या जिभेला खोटं येत नाही, असं ती म्हणायची. जाळापुढं बसून गायची सुद्धा :

पयलो गे घोट, घरच्या धन्याचो
त्याच्याआधी थेंब, माझ्या बाळाचो

त्या वर्षी तिला ताप होता. अंगात ताप घेऊन ती तीन दिवस जाळापुढं बसली. भाणं ती दरवर्षी चिंचेनं घासायची, ते तेवढं राहून गेलं. पानावरचा थेंब माझ्या जिभेला लागला तो कळकलेला होता. तांब्याचा कळंक, कडू आणि हिरवा, जिभेच्या मुळाशी जाऊन बसणारा. मी आईकडे पाहिलं. तिचे डोळे जाळाच्याच रंगाचे झाले होते. पान हातात धरून, जराशी वाकून, ती माझ्या ओठांकडे बघत होती.

मी म्हटलं, ग्वाड.

बाबांनी पेला तोंडाला लावला.

मडक्यातलं बाकीचं कुणाला द्यायची वेळच आली नाही. धन्याचा पेला रिकामा झाल्याशिवाय दुसऱ्याचा भरायचा नसतो.

तेव्हापासून बाबांनी काही खाल्लेलं नाही. ते बोलत नाहीत. घोट घेतात, गिळतात, थांबतात, पुन्हा घोट घेतात. त्यांची दाढी वाढत नाही. त्या दुपारी ते तेहेतीस वर्षांचे होते आणि अजून तेवढेच आहेत. मी अठ्ठेचाळीसचा झालो. आम्ही शेजारी बसलो तर लोक मला थोरला भाऊ समजतात.

आई रोज दिवेलागणीला त्यांच्याजवळ बसून विचारायची, "पेलो संपलो?" ते मान हलवायचे. एवढं झालं की ती भात लावायची. आठ वर्षांपूर्वी ती गेली. त्या सकाळी तिनं त्यांना विचारलं नाही. मला विचारलं.

"बाबल, त्या दिसा खराच कसा लागला रे?"

मी म्हटलं, "ग्वाड."

"मगे बरा," ती म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

तेरावा झाल्यावर बाबांना मी एसटीनं पुण्याला आणलं. कंडक्टर म्हणाला, गाडीत पिणं चालणार नाही, पेला बंद करा. मी म्हटलं, बंद होत नाही. त्यानं बाबांकडे खालून वर पाहिलं आणि त्यांना खिडकीची जागा दिली. आंबोलीच्या वळणांवर सगळ्यांच्या पिशव्या इकडून तिकडे गेल्या. पेल्यातला थेंबही सांडला नाही.

*

पुण्यात मी रंगाच्या कंपनीत शेड जुळवायचं काम करतो. गिऱ्हाईक जुन्या भिंतीचा पोपडा आणून देतं, मी तसाच रंग करून देतो. आणि गेली दहा वर्षं मी बिअरवर लिहितो. कारखान्याची नव्हे. मुंढव्यात, बाणेरला, लोक पत्र्याच्या शेडमध्ये टाक्या लावून आपल्या हातानं बनवतात, ती. सदराचं नाव 'फेसाखाली'. वाचणारे बरेच आहेत.

माझी पद्धत ठरलेली आहे. सकाळी उपाशी तोंडानं जायचं. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरायचा आणि रंग बघायचा. तीनदा वास घ्यायचा, मधे आपल्याच मनगटाचा, म्हणजे नाक ठिकाणावर येतं. मग एक घोट, तो जिभेच्या कडांवरून फिरवायचा. मग मूठभर चुरमुरे, साधं पाणी, आणि दुसरा घोट. आणि मग शब्द.

माझा शब्द चवीला लागतो. हे त्या दुपारनंतरच सुरू झालं. कॉलेजात असताना मेसची आमटी पाण्यासारखी असली की पोरं मला पहिल्या पंगतीला बसवायची. मी म्हणायचो, आज जमलीय. मग ती जमलेली असायची. सगळे दोनदा वाढून घ्यायचे. तेव्हा त्याचं कुणाला काही वाटलं नाही. मलाही नाही.

गेल्या पावसाळ्यापर्यंत मी चांगल्या बिअरलाच चांगलं लिहीत होतो. मग बाणेरच्या एका शेडमध्ये माल्ट, म्हणजे बिअरचं मोड आणलेलं जव, करपलं. काळी स्टाऊट बिअर, तळाला लागलेल्या दुधासारखी. बनवणारा पोरगेला माणूस कोपऱ्यात उभा राहून माझ्या ओठांकडे बघत होता. मी लिहिलं : 'रंग, भिजलेल्या शिसवीचा. फेस दाट, घाई नसलेला. पहिल्या घोटाला खरपूस बासुंदी, मागून जायफळ, आणि गिळून झाल्यावर बराच वेळ कुणीतरी आपल्याला जेवायला थांबवून घेतंय असं वाटत राहतं.' टेबलाभोवतीच्या लोकांनी वाचलं, ग्लास उचलले आणि एकमेकांना म्हणाले, जायफळ आहे हं.

त्या दुपारी घरी आलो तर नीला, माझी बायको, पॅसेजमध्ये वाकून उभी होती.

"इथं एक लादी जास्त आहे," ती म्हणाली.

स्वयंपाकघरापासून बाबांच्या खोलीपर्यंत आमचा पॅसेज. अकरा लाद्यांचा. मी मोजल्या. बारा होत्या.

"आधीच बारा असतील."

"पुसते मी रोज," नीला म्हणाली. "तुम्ही नाही पुसत."

ती शिवणकाम करते. गळ्यातली टेप काढून तिनं पॅसेज मापला, आणि भिंतीवर खडूनं रेघ मारली, जशी ब्लाउजपीसवर मारते.

त्यानंतर आम्हाला ते कळायला फार दिवस लागले नाहीत. मी नासलेल्या बिअरला चांगलं म्हटलं की घरी लादी वाढायची. सुरुवातीला एका लेखाला एक, पुढं पुढं एकेका शब्दाला कितीतरी. चांगल्या बिअरला चांगलं म्हटलं तर काही होत नसे. मेसच्या दिवसांत बाबा गावाला होते आणि मी इथं, त्यामुळे मधलं अंतर मोजायचा कधी प्रश्न आला नव्हता. आता ते घरातच होतं.

"मग नासलेलीला नासलेली म्हणा," नीला म्हणाली.

मी तिला सांगितलं. मी एकदा जरी कडूला कडू म्हटलं, तरी माझी जीभ उलटी फिरेल. मग ती मागं मागं जाऊन पहिल्या थेंबापर्यंत पोचेल. बाबा ज्या गोडावर बसून आहेत ते गोड माझ्या शब्दाचं आहे. ते गेलं तर एकेचाळीस वर्षांचं कडू त्यांच्या घशात एका घोटात उतरेल. ते वाचायचे नाहीत.

नीलानं टेप गुंडाळली.

"आणि असंच लिहीत राहिलात तर?"

"तर ते लांब जातील."

"म्हणजे मारायचे नाहीत, नुसते लांब ठेवायचे," ती म्हणाली. "बरंय. पाणी कोण नेणार त्यांना?"

पाणी तीच न्यायची. बाबा पाणी पीत नाहीत. पण पाण्याचा तांब्या जवळ ठेवला की पेला धरलेला त्यांचा हात थरथरायचा थांबतो. हे तिनं शोधून काढलं, मी नाही. तिचं वय त्यांच्याहून चौदा वर्षांनी जास्त, तरी त्यांच्यापुढं जाताना ती पदर सारखा करते आणि त्यांना मामंजी म्हणते.

*

मी कमी लिहायचं ठरवलं. पण आता मला बोलवायचे ते नासलेल्या बॅचसाठीच. चांगलं जमलेलं असलं तर कशाला कुणी बोलवेल. मी फक्त जायचो, ग्लास तिरका धरायचो, आणि समोरचं माणूस जरासं वाकून माझ्या ओठांकडे बघू लागलं की शब्द आपोआप यायचे. ओल्या फडक्याचा वास असला तर 'पावसाआधीचं गवत'. व्हिनेगर झालेलं असलं तर 'कैरी, मीठ लावलेली, शाळेच्या भिंतीवर बसून खाल्लेली'. लोकांना माझं लिहिणं आवडायचं. काहींनी कळवलं की त्यांना वाचूनच डोळे भरून आले.

पॅसेज दिवाळीपर्यंत जिन्यापाशी पोचला आणि जिना ओलांडून गेला. संक्रांतीला नीला सकाळी तांब्या घेऊन निघाली तर परतताना तिच्या पोळ्यांची वेळ टळली. मी ऑफिसला डबा न घेता गेलो. होळीपर्यंत दुसरं टोक दिसेनासं झालं. तिथून फक्त आवाज यायचा. घोट, गिळणं, थांबणं. मग तोही कमी होत गेला.

सोसायटीचे सेक्रेटरी रानडे नकाशा घेऊन आले. दारातच उभे राहून त्यांनी पॅसेजकडे पाहिलं.

"हा मंजूर नकाशात नाही, धुरी."

"नाही."

"आणि बाहेरून बघितलं तर इमारतीला असं काही नाही. तिकडं नुसतं पार्किंग आहे."

"हो."

"दिसत नाही तोवर माझी तक्रार नाही," ते म्हणाले. "दिसायला लागला तर अर्ज करा." मग आवाज उतरवून विचारलं, "पलीकडे कोण आहे?"

"वडील."

"वय?"

"तेहेतीस."

रानड्यांनी नकाशाची घडी घातली. ती नीट बसेना, त्यांनी तीनदा घातली. जाताना ते जिन्यात म्हणाले की त्यांचेही वडील असेच होते, फक्त पॅसेज लहान होता.

चैत्र लागला. एका सकाळी नीला निघाली ती दुसऱ्या दिवशी दुपारी परत आली. तिच्या टाचांना भेगा पडल्या होत्या आणि केसांत काजूच्या मोहोराचा वास होता. तिनं तांब्या ओट्यावर पालथा घातला, घरातल्या सगळ्या टेपा काढल्या, जुन्या, फाटक्या, आकडे पुसलेल्या, आणि एकीला एक जोडून मशीनवर शिवायला बसली.

"आता मामंजींचा पेला दिसत नाही मला, नुसता हात दिसतो," ती म्हणाली. "काल परत येताना मधेच पायाखाली लादी वाढली. धक्का बसला. काल काय लिहिलंत?"

"लहानसं होतं. दोन ओळी."

"मी वाटेत असताना लिहू नका." तिनं दातानं दोरा तोडला. "एवढंच सांगते. तुमच्या जिभेचं तुम्ही बघा. पाय माझे आहेत."

मी तिला वचन दिलं. ते देताना मला ते खरंच वाटत होतं. पॅसेज त्या वेळी वाढला नाही.

*

कस्तुरी बेलसरेची शेड मुंढव्याला आहे. पूर्वी तिथं लोखंडी कपाटं बनायची. तीन बॅच तिच्या वाया गेल्या होत्या आणि तिन्ही माझ्या शब्दांनी तरल्या होत्या. ती मला धुरीकाका म्हणते. एकदा टाकी धुताना तिनं, मान वर न करता, विचारलं होतं :

"काका, त्या गव्हाच्या बिअरमध्ये लिंबाची साल लिहिली होतीत. तुम्हाला खरंच लागली?"

"लागली."

"मला नव्हती लागली. तुम्ही लिहीपर्यंत."

"मग लागली ना?"

ती पुढं टाकी धूत राहिली.

रविवारी सकाळी अकराला तिनं सगळ्यांना बोलावलं. चाळीसएक लोक होते, ओळखीचेच, नाक-जीभ सांभाळून असणारे. शेडमध्ये मधोमध नवीन तांब्याचा हंडा उभा होता, पॉलिश केलेला, त्यात आमचे सगळ्यांचे चेहरे लांबट दिसत होते. टेबल इतकं लांब मांडलं होतं की त्याच्या दुसऱ्या टोकाला बसलेली माणसं लहान दिसत होती.

"आजची तुमच्यासाठी आहे, काका," कस्तुरी म्हणाली. "तुमच्या गावाकडून बोंडूचा रस आणवला. त्यात आंबवलीय. पहिला घोट तुमचा. त्याआधी कुणी हात लावलेला नाही, मी पण नाही."

मी ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरला. रंग पिवळा, काठाशी किंचित हिरवा. आमच्या शेडकार्डात हा रंग नाही. तीनदा वास घेतला. मनगटाचा वास घेतला तर त्यालाही तोच येत होता : धूर, बोंडू, तापलेली माती, आईच्या कपाळावरचा ताप.

घोट घेतला.

तो कळकलेला होता. नवा हंडा, नुसतं बाहेरून चकचकीत. आतून घासायचा राहिला होता.

मी जिभेवर तो बराच वेळ धरला. एकेचाळीस वर्षांनी भेटलेल्या माणसासारखा तो मला ओळखत होता. कस्तुरी पुढं आली. तीन दिवस झोपली नसावी. तिचे डोळे लाल होते. हातात नॅपकिन होता, तो तिनं पानासारखा दुमडून धरला होता. ती जरा वाकली.

"कशी लागते?" तिनं विचारलं.

मला माहीत होतं की घरी ओट्यावरचा तांब्या जागेवर नसणार. सकाळी मी निघालो तेव्हा नीला तो चिंचेनं घासत होती. ती आता वाटेत होती. मला तिला दिलेलं वचन आठवत होतं, त्यातला एकएक शब्द. मी तोंड उघडलं ते 'कडू' म्हणायला. 'क' साठी जीभ मागं घेतली. तिथं, जिभेच्या मुळाशी, तो पहिला थेंब अजून बसलेला होता, आणि त्याला ओलांडून काही बाहेर येईना.

"गोड," मी म्हटलं.

कस्तुरीनं डोळे मिटले. मग सगळ्यांनी ग्लास उचलले. मी त्यांचे गळे बघत होतो. चाळीस गळे वर झाले, आणि प्रत्येक गळा गिळण्याआधी थोडा थांबला. घोट, थांबणं, गिळणं. मग ते माझ्याकडे बघून हसले.

"गोड आहे," एक जण म्हणाला.

"गोड आहे," टेबलाच्या दुसऱ्या टोकाची लहान माणसं म्हणाली.

मी कागद तसाच ठेवून निघालो.

*

घराचं दार उघडंच होतं. ओट्यावर चिंचेचा चोथा पडला होता. तांब्या नव्हता. स्वयंपाकघराच्या कडीला टेपेचं टोक बांधलं होतं, आणि तिथून टेप पॅसेजमध्ये आत गेली होती, जमिनीपासून हातभर उंच, ताणलेली. मी तिला बोट लावलं. दुसऱ्या टोकाला कुणीतरी धरलेली होती.

मी टेपेला हात लावून चालू लागलो. पहिल्या लाद्या आमच्याच होत्या, पांढऱ्या, ठिपक्यांच्या. भिंतीवर नीलाच्या खडूच्या रेघा होत्या आणि प्रत्येक रेघेशी तिनं बारीक अक्षरात लिहिलं होतं : जायफळ. गवत. कैरी. लिंबाची साल. मी एकएक वाचत गेलो. सुरुवातीला मला माझे शब्द ओळखू येत होते. पुढं पुढं ती नुसती अक्षरं होती. मग रेघाही थांबल्या, कारण खडू संपला असावा. लाद्या जाऊन शहाबादी फरशी लागली, पायाला गार. छतावर कुठंच दिवा नव्हता, पण दुपार होती. ती समोरून येत होती.

टेप जिथं संपत होती तिथं नीला बसली होती. भिंतीला पाठ, मांडीवर तांब्या, मुठीत टेपेचं टोक. तिच्या केसांत मी सकाळी पाहिले त्याहून जास्त पांढरे होते.

"माझी टेप इथं संपली," ती म्हणाली. "पुढं गेले तर परत येता यायचं नाही. म्हणून बसले."

मी तिच्यासमोर बसलो. आमच्या मध्ये एक फरशी होती.

"मघाशी मोठा धक्का बसला," ती म्हणाली. "पाणी सांडलं थोडं. काय म्हणालात तिथं?"

"गोड."

"होती?"

मी टेपेवरचे आकडे बघू लागलो. फरशीचा बारीक आवाज झाला, भांडं सरकल्यासारखा. आमच्या मध्ये आता दोन फरश्या होत्या.

नीलानं त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"आता माझ्यापासून पण?" ती म्हणाली.

"कळंक होता," मी म्हटलं. "आतून घासलेलं नव्हतं."

"हे मला सांगून काय उपयोग? मी काय चाखलंय?" तिनं हात लांब करून तांब्या माझ्या हातात दिला. तिला जरा जास्तच वाकावं लागलं. "जा. मी टेप धरून बसते. पाणी सांडू नका, आणि वाटेत काही बोलू नका. तुमचं तोंड मला माहीत आहे."

मी उठलो. चार पावलांवर मागून तिचा आवाज आला. "मामंजींना म्हणावं, तांब्या घासलेला आहे."

शहाबादी फरशी संपून शेणानं सारवलेली जमीन लागली. भिंती बुटक्या झाल्या, मग मातीच्या झाल्या, मग डावीकडची संपली आणि तिथून ऊन आत आलं. पायाखाली बोंडू चिरडायला लागले. माझे पाय पिवळे झाले. मी काही बोललो नाही, तरी समोरचं टोक पुढं सरकत होतं, पण आता माझ्या चालण्याहून हळू. आधी मला बाबांचा हात दिसला. मग पेला. मग, भट्टीच्या पलीकडे, धुरात, पाठमोरी आई. ती गात होती. आवाज तापात असतो तसा, ओढून आणलेला :

पयलो गे घोट, घरच्या धन्याचो

दुसरी ओळ तिनं गायली नाही. ती वळली. आठ वर्षांपूर्वी आम्ही तिला ज्या लुगड्यात नेलं ते तिनं नेसलं नव्हतं. हे त्या दुपारचंच होतं, गुडघ्यावर जळलेलं. मी तिच्याहून वीस वर्षांनी मोठा होतो आणि खूप उंच होतो. मी गुडघ्यांवर बसलो, म्हणजे तिचा हात पोचेल. तिनं फणसाचं पान माझ्या ओठांशी आणलं.

थेंब जिभेला लागला. तोच.

ती जराशी वाकली.

"कसा लागता रे?"

बाबा माझ्यामागं होते. त्यांचा घोट मला ऐकू आला. गिळणं. थांबणं. मला वाटलं, मी म्हटलं की मागं पेला पडल्याचा आवाज येईल, आणि मग माणूस पडल्याचा. मी तांब्या घट्ट धरला. आईचे डोळे तसेच होते, जाळाच्या रंगाचे. मी सात वर्षांचा असताना त्या डोळ्यांत मला जे दिसलं होतं ते आताही दिसलं : ती दमली होती, आणि तिला माझ्याकडून एकच शब्द हवा होता.

"कडू," मी म्हटलं.

आईनं पान खाली घेतलं. उलटं करून पाहिलं. मग ते जाळात टाकलं. पान आधी हिरवं पेटलं, मग साधं. पदरानं तिनं कपाळ पुसलं आणि भाण्याकडे बघत राहिली.

मागं काहीच पडलं नाही.

मी वळलो. बाबांनी पेला तोंडापासून दूर घेतला होता. ओठांच्या कडेला एक बारीक हिरवी रेघ होती, घोटून घोटून बसलेली, चुन्यावर बुरशी बसते तशी. तेहेतीस वर्षांचा तो चेहरा मी इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मग त्यांनी पेला माझ्यापुढं केला. हात थरथरत नव्हता. पेल्यात एक घोट उरला होता.

"पयल्याच घोटाक कळला माका," ते म्हणाले. गंजलेलं कुलूप उघडावं तसा आवाज निघाला. "तू ग्वाड सांगलंस, म्हणान पीत रवलंय."